कूस बदलण्याआधी

घरातली सगळ्यात लहान सून म्हणून तिला सगळे धाकटी म्हणायचे. केस पिकले, चष्मा लागला, लेक शिकून परगावी नोकरीला लागली, तरी ही आपली धाकटीच. नाव एकदा चिकटलं की सुटतंय कुठलं!

सासऱ्यांना लकवा झाला, वाचा गेली आणि ते अंथरुणाला खिळले. सहा वर्षं त्यांचं सगळं, म्हणजे अगदी सगळं, धाकटीने केलं. नातेवाईक यायचे, पंख्याखाली बसून चहा प्यायचे आणि ‘तू म्हणून केलंस हो’ असं म्हणून उठायचे. कौतुकाला काय लागतं? नुसती जीभ तर हलवायची. मग सासरे गेले आणि तेच लोक म्हणाले, आता आराम कर. आराम कसला करते कपाळ! दर दोन तासांनी तिचे पाय आपोआप त्या खोलीकडे वळायचे आणि रिकामी खाट बघून परत फिरायचे.

अशात गावातल्या वृद्धसेवा केंद्रात सेविकांच्या दोन जागा निघाल्या. वयाची अट पंचेचाळीस, अनुभव असेल तर सूट. धाकटी सेहेचाळीस वर्षांची. म्हणजे सगळी भिस्त अनुभवावर, आणि अर्जात त्या रकान्यात तिने चक्क ‘नाही’ लिहिलेलं.

“नाही?” थोरली नणंद कडाडली. ही निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ज तपासायला मुद्दाम आलेली. “सहा वर्षं काय माशा मारत होतीस? खोड ते.”

नवऱ्याने पेपरातून मान वर केली. “ताई, तिला कशाला हवी नोकरी या वयात?”

“मला हवीय,” धाकटी म्हणाली. ती एवढं स्पष्ट बोलली की नवऱ्याने पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

मुलाखत गुरुवारी होती. नणंदेने वहीत प्रश्न काढले आणि टेबलापलीकडे बसून विचारायला लागली. “स्वतःबद्दल सांगा.”

“काय सांगू, सगळं ठीक आहे.”

“अगं, मुलाखत आहे की रस्त्यात भेटलोय आपण? बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. तुमच्यातला दोष कोणता? यावर सांगायचं, मी जरा जास्तच मेहनत करते.”

“हा दोष झाला?”

“मुलाखतीत होतो.”

शेवटी नणंदेने वही मिटली आणि स्वतःच खाटेवर आडवी झाली. “मी पेशंट. कर काय करतेस ते.”

आता मात्र धाकटीचे हात सुटले. गुडघा दुमडला, एक हात खांद्यावर, एक कमरेवर. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नणंद भिंतीकडे तोंड करून पडलेली, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. काम चोख. पण नणंद धडपडून उठून बसली.

“अगं, सांगशील की नाही! काळजात धस्स झालं माझ्या.” मग तिचा आवाज उतरला. “बाबांनाही असंच वळवायचीस? न सांगता?”

धाकटीने मान खाली घातली. “पहिलं वर्षभर सांगायचे. ते काही उत्तर द्यायचे नाहीत. मग माझंही तोंड मिटलं.”

नणंद उठून खिडकीशी गेली. शेवटी बाप होता तिचा. धाकटीला वाटलं, आता ही पर्स उचलणार आणि चालू पडणार. पण ती येऊन पुन्हा खाटेवर आडवी झाली. “परत कर. बोलून कर.”

मग तीन दिवस धाकटी बोलली. नवऱ्याला झोपवून त्याच्याशीही बोलली. “मी तुम्हाला उजव्या कुशीवर वळवते हं.” तो म्हणाला, “राहू दे, मी वळतो माझा.”

गुरुवारी नऊ बायका आल्या होत्या. धाकटी सोडून सगळ्यांच्या हातात प्रमाणपत्रांच्या फायली. मुलाखत घेणाऱ्या मेट्रनबाईंनी अनुभवाचा दाखला मागितला.

“दाखला नाही. सहा वर्षं सासऱ्यांचं केलं. ज्यांनी द्यायचा, ते गेले.”

“सहा वर्षांत पडून पडून पाठीला जखमा किती झाल्या?”

“एकही नाही.”

मेट्रनबाईंनी पेन खाली ठेवलं. “मग चूक काय झाली तुमच्या हातून?”

जास्त मेहनतीचं उत्तर ओठांवर आलं होतं. धाकटीने ते गिळलं. “मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. उत्तर येत नाही म्हणून.”

मेट्रनबाई उठल्या. तिला घेऊन आत गेल्या. खाटेवर एक आजोबा होते, वाचा गेलेले, नजर छताला. “यांची कूस बदला.”

धाकटी खाली वाकली. “आजोबा, मी तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते. चालेल?”

काहीच नाही. तिचे हात शिवशिवत होते, पण तिने ते मागे बांधले आणि थांबली. मेट्रनबाईही थांबल्या. बाहेर बादलीचा आवाज झाला, नळ सुरू झाला, बंद झाला. आणि मग आजोबांनी डोळे मिटले, अगदी सावकाश, आणि उघडले. नजर तिच्याकडे वळलेली.

“हो म्हणतात ते,” मेट्रनबाई म्हणाल्या. “वेळ लागतो त्यांना. बहुतेक जण तेवढं थांबत नाहीत.”

धाकटीने त्यांना वळवलं, उशी लावली, चादर सारखी केली.

बाहेर बाकावर नणंद बसली होती. “काय झालं?”

“मिळाली. सोमवारपासून.” आणि ती तिथेच रडायला लागली. “ताई, बाबाही उत्तर देत असतील हो. मी थांबलेच नाही.”

नणंदेने तिला जवळ ओढलं. तिचेही डोळे भरले होते. “तू निदान हात तरी लावायचीस गं. मी महिन्यातून एकदा यायचे, खुर्चीत बसून तासभर बडबडायचे आणि निघायचे. मी तरी कुठे थांबले?”

दोघी बसून राहिल्या. समोरून एक सेविका चाकाची खुर्ची ढकलत गेली, खुर्चीतल्या आजींशी बोलत.

“सोमवारी किती वाजता?” नणंदेने नाक पुसत विचारलं.

“सातला.”

“मी पण येईन. नोकरीला नव्हे. तासभर कोणापाशी तरी बसेन. बघू, जमतं का मला गप्प राहायला.”