खिडकीवरचा जुना हिरवा रंग

त्या रंगाऱ्याला सगळे गुळगुळीतराव म्हणत. तळहात फिरवल्यावर जराशी खरखर लागली, की हा गडी पुन्हा पॉलिशपेपर हातात घेणार. त्याच्या कामाला कधी कुणी नावं ठेवली नव्हती. शाळेच्या बालवर्गाच्या खिडक्या रंगवायचं काम सुट्टीत आलं तेव्हा तर तो हरखूनच गेला. त्याची सहा वर्षांची लेक त्याच वर्गात होती.

खिडक्यांवर रंगाचे थरावर थर चढलेले. तळाचा जुना हिरवा काही केल्या सुटेना. आठवडाभर त्याने तो कोरडाच घासला. पिठासारखी धूळ वर्गभर बसली. लेक दुपारी त्याचा डबा घेऊन यायची, बाकावरच्या धुळीत बोटाने मांजरं काढायची आणि त्याच हाताने बापाबरोबर जेवायची.

शाळा सुरू झाली आणि महिन्याभरात पोरीचं काहीतरी बिनसलं. पोट दुखतं म्हणायची, ताटावरून उठायची, उगाच चिडायची. तोंडपाठ कविता अर्ध्यावर विसरली.

"ही नाटकं नाहीत हं," बायको म्हणाली. "दवाखान्यात नेऊ या."

डॉक्टरीणबाईंनी आधी त्याच्या नखांकडे पाहिलं, मग काम विचारलं आणि पोरीचं रक्त तपासायला पाठवलं. रक्तात शिसं निघालं, तेही बरंच.

"पेन्सिल चावते ती," तो घाईने म्हणाला. "त्यातलं असेल."

"शिसपेन्सिल हे नुसतं नाव. तिच्यात शिसं नसतं. जुन्या रंगात असू शकतं. मुलांच्या पोटात गेलं तर मेंदूवर परिणाम होतो, आणि पुष्कळदा बाहेरून काही कळतही नाही."

शेवटचं वाक्य ऐकून त्याला पोरीचा वर्ग आठवला. वर्गात आणखी तीसेक मुलं होती, सगळी वरवर ठणठणीत.

दवाखान्यातून तो तडक शाळेत गेला. मुख्याध्यापिका गडबडल्या. "अहो, नक्की ठरल्याशिवाय बोभाटा नको. पालक आपल्याला फाडून खातील."

"खाऊ देत. धूळ मीच उडवलीये, बाई. आधी पोरं बाहेर काढा."

 मुख्याध्यापिकांनी स्वतः उठून बालवर्ग सभागृहात हलवला.

खिडकीच्या फटीतला रंग तपासला, तर त्यात शिसं होतंच. सगळ्या मुलांचं रक्त तपासलं. अहवाल यायला आठ दिवस लागले. कुणाचं पोर रस्त्यात धडपडलं तरी तो काम टाकून धावायचा. आणखी सात मुलांच्या रक्तात शिसं निघालं. एका आईने त्याला फाटकातच गाठलं.

"तुला ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं, ताई."

"मग ठाऊक करून का नाही घेतलंस?"

 मान खाली घालून तो उभा राहिला.

धूळ काढायला जाणकार माणसं बोलावली. झाडू-फडे बंद, सगळं ओल्या फडक्यांनी पुसायचं. कसं करतात ते तो दारातून पाहून शिकला. घरच्या चादरी आणि पडदेही धुतले, कारण त्याच्या कपड्यांवरून धूळ घरापर्यंत पोचलीच होती. आता तो जुना रंग ओला केल्याशिवाय खरवडत नाही, कामाचे कपडे घरात आणत नाही, आंघोळ करूनच घरी निघतो. कामावरचे सोबती चिडवतात, "नवरदेव आले आंघोळ करून!" तो ही गोष्ट कुणालाच हसण्यावारी नेऊ देत नाही. नवं काम घेताना आधी विचारतो, "घरात लहान मूल आहे का?"

सहा महिन्यांनी लेकीच्या रक्तातलं शिसं निम्म्यावर आलं. पोट दुखायचं थांबलं, पोरगी खाऊ-पिऊ लागली. "आणि डोकं?" त्याने विचारलं.

"ते आज नाही सांगता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लक्ष ठेवू. अभ्यासात मदत लागली तर करू."

त्या संध्याकाळी लेक पाढा म्हणायला बसली आणि एकदम अडली. त्याने श्वास रोखला.

"अहो, मुलं अडतातच," बायको हळूच म्हणाली.

"अडतात ना?" तो म्हणाला, आणि पोरीजवळ जाऊन बसला. "पुन्हा म्हण बरं, पहिल्यापासून."