दर सातवं दार

मुकादम म्हणूनच सगळे त्याला ओळखत. घरात बायकोसुद्धा त्याला मुकादमच म्हणे. बत्तीस वर्षं फरश्या बसवण्यात गेली, त्यातली अठरा मुकादमकीत. हाताखालच्या कुणी पाट्या टाकल्या तर तो शिव्या देत नसे. बसवलेली फरशी उखडून बाजूला ठेवी आणि सांगे, "पुन्हा." शेवटी गुडघ्यांनी दगा दिला. या कामात माणूस गुडघ्यांवर जगतो. ते गेले की घरी.

घरी बसणं त्याला जमेना. एका संस्थेला शहरातल्या लोकांची मतं गोळा करायला माणसं हवी होती. गरिबी कशामुळे येते, शेजारी एकमेकांना धरून असतात का, असे सव्वीस प्रश्न. अक्षर चांगलं म्हणून त्याला घेतलं. जिन्याच्या डाव्या हातापासून मोजून दर सातवं दार करायचं. उघडलं नाही तर तीन वेळा जायचं. उत्तर माणूस बोलेल त्याच शब्दांत लिहायचं, आपलं मत मध्ये घालायचं नाही.

बाकीचे दुपारी बागेतल्या बाकावर बसून मनानेच फॉर्म भरत.

"मुकादम, कशाला जिने झिजवता? सगळे तेच तर सांगतात."

"तेच सांगतात हे ऐकायला तरी जायला नको?"

सगळे तेच सांगत, हे मात्र खरं होतं. गरिबांना कष्ट नकोत. मोठ्या घरातली बाई हे सांगे आणि दोन पाळ्या करून आलेला पहारेकरीही हेच सांगे. मुकादम लिहिता लिहिता मान डोलवी. त्याचंही मत वेगळं नव्हतं.

मग एका इमारतीत चौथ्या मजल्यावर सातवं दार आलं. दारासमोर दोन हात जागेत फुटक्या फरश्यांचे तुकडे बसवले होते. तुकडे दहा घरचे, रंग दहा तऱ्हेचे, पण सांधे दोरी धरल्यासारखे. मुकादमाने सवयीने खोट शोधली. सापडली नाही. प्रत्येक तुकड्याचा कोपरा घासून किंचित मोडला होता, पायाला लागू नये म्हणून. ही पद्धत त्याने आयुष्यात एकाच माणसाला शिकवली होती. धाकट्या भावाला.

अकरा वर्षांपूर्वी भाऊ कामावर पाठीवर पडला. दोन महिन्यांनी परत आला तो घडीघडी बसायला लागला. "दादा, बसून करायचं दे काही. फरश्या कापायचं दे," म्हणाला. मुकादमाला वाटलं, भाऊ म्हणून सवलत मागतोय. त्याने हजेरीवहीत भावाच्या नावापुढे एकच शब्द लिहिला: अंगचोर. वही ठेकेदाराकडे गेली आणि तो शब्द एका ठेकेदाराच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जात राहिला. त्यानंतर भावाला कुणी कामावर उभं केलं नाही. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

मुकादमाने कडी वाजवली. कुणी आलं नाही. तो सुटल्यासारखा जिना उतरला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्यांदा गेला नसता तर कुणी विचारणार नव्हतं. पण काम अर्धवट टाकलं की त्याला घास गोड लागत नसे. तिसऱ्या दिवशी तो कडी वाजवून बराच वेळ थांबला. आत काहीतरी सरपटल्यासारखा आवाज झाला आणि दार उघडलं.

भाऊ चौकटीला धरून उभा होता. कमरेला रुंद पट्टा.

"दादा? कोण गेलं?"

"कुणी नाही. प्रश्न विचारायचेत. सर्वे आहे."

"अकरा वर्षांनी आलास, तो सर्वेला." भावाने भिंतीचा आधार घेत वाट दिली. "काल-परवा तूच कडी वाजवलीस ना? मी उठेपर्यंत पळालास. ये."

खोलीत एक खाट, एक स्टूल. भावजय कामावर गेली होती. भाऊ आडवा झाला, मुकादम स्टुलावर टेकला आणि वाचू लागला.

"तुमच्या मते गरीब माणूस गरीब का राहतो?"

"तुमच्या? वा! कागदाने तरी अहो-जाहो केलं."

"लिहिलंय तसंच वाचावं लागतं."

"मग मी बोलतो तसंच लिही. एका मुकादमाने वहीत अंगचोर लिहिलं. माझी पाठ कुणी बघितली नाही, वही सगळ्यांनी बघितली. झालं लिहून?"

"सावकाश सांग."

"अंगचोर नीट लिही. मागच्या वेळी अक्षर छान आलं होतं."

मुकादमाने नीट लिहिलं. उरलेले प्रश्न विचारले. पेनाला टोपण लावलं, तरी उठेना.

"दारातली फरशी तू घातलीस?"

"मग कोण? एका कुशीवर पडून. नऊ दिवस लागले. तुझ्या हाताखाली अर्ध्या दिवसात उरकली असती."

"सांधे सरळ आहेत."

"ते मला माहीत आहे, दादा." भावाने भिंतीकडे तोंड केलं. "दार ओढून घे. मला पुन्हा उठवू नकोस."

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या खोलीत मॅडम फॉर्म तपासत होत्या. पाच रकाने होते: नशीब, शिक्षण, व्यसन, सरकार, आळस. प्रत्येक उत्तर त्यातल्या एकात बसवायचं. भावाचं उत्तर वाचून त्यांनी आळसावर पेन टेकवलं.

"तिथे नको," मुकादम म्हणाला.

"का? अंगचोर लिहिलंय की तुम्हीच."

"तो अंगचोर नव्हता. वहीत खोटं लिहिलं होतं."

"तुम्हाला काय माहीत?"

बाकीचे माना वर करून बघू लागले. मुकादमाने दुसऱ्यांच्या हजारो फरश्या उखडल्या होत्या, स्वतःची एकही नाही.

"ते लिहिणारा मुकादम मीच. हा माझा धाकटा भाऊ."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? नात्यातला फॉर्म चालत नाही." त्यांनी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. "रद्द. शेजारचं दार करून आणा. आजच्या आज."

तो पुन्हा चार मजले चढला. शेजारीण दारातच बोलली, तिच्या चपला भावाच्या फरशीवर काढलेल्या.

"गरीब का राहतात? आळस, दुसरं काय! लांब कशाला, हे शेजारचे बघा. बायको मरमर मरते आणि हे आडवे. मागे तर आठ-नऊ दिवस इथे दाराबाहेरच पडून होते, कचरा पसरून. आम्ही जाता-येता ओलांडून जायचो."

"पडून काय करत होते, बघितलंत?"

"हे पण कागदावर आहे?"

"नाही."

"मग? लिहा, मी म्हणतेय ते."

भावाचं दार बंद होतं, पण पातळ होतं. मुकादमाने आवाज न करता, गुडघ्यावर कागद ठेवून, शब्द न शब्द उतरवून घेतला.

हा फॉर्म तपासताना मॅडमना त्याला काही विचारावं लागलं नाही.