वरसाव्याचा पासवर्ड

स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कंपनीचे तीन सर्व्हर मी माझ्या हातांनी बसवले होते. एक भाईंदर पूर्वेच्या कारखान्यात, एक पश्चिमेच्या ऑफिसात आणि एक घोडबंदर रोडवरच्या वरसाव्याच्या गोडाऊनमध्ये. माझं स्वतःचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान जिन्याखाली होतं. ताठ उभं राहिलं की डोक्याला पायरी लागायची. पण त्या तिन्ही मशीनवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून शिरलो की मी मालक. काय उघडं ठेवायचं, कोणाला आत घ्यायचं, सगळं माझ्या मर्जीने.

मग अंधेरीच्या हेड ऑफिसने एक सिस्टिम साहेब नेमला. वयाने माझ्याहून बराच लहान, टाय मात्र भरपूर लांब. पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने जाहीर केलं की लांबच्या जागांवरच्या सर्व्हरचे पूर्ण हक्क यापुढे फक्त हेड ऑफिसकडे राहतील. शाखेतल्यांना कामापुरते, बाहेरच्या माणसांना त्याहून कमी. बाहेरचा माणूस म्हणजे मी. पाच वर्षं त्यांच्या सर्व्हरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसणारा.

नियम चुकीचा नव्हता, हे आज लिहायला हरकत नाही. आपल्याला फोन कमी यावेत म्हणून मीच कारखान्यातल्या सगळ्यांना अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून ठेवलं होतं, आणि एका अकाउंटंटने जागा मोकळी करायची म्हणून डिझाइनचं अख्खं फोल्डर पुसून टाकलं होतं. बॅकअप होता म्हणून निभावलं. पण माझी चूक मान्य करणं वेगळं आणि मला संशयितांच्या रांगेत बसवणं वेगळं.

मी घासाघीस सुरू केली. तिन्ही जागांचे पूर्ण हक्क मागितले, म्हणजे दोन तरी सुटतील. तो नुसता हसला. मी एका जागेवर आलो. मग नवीन युजर उघडण्यावर, मग निदान प्रिंटर बसवण्यावर. शेवटी पदरात पडलं ते एवढंच: सर्व्हर बंद करून चालू करणे आणि अडकलेली प्रिंट रद्द करणे. भाजीवाला कढीपत्ता देतो तसं. तेही टेबलावर हात आपटून मिळवलं, आणि तो हात दोन दिवस दुखला.

बाकी काही लागलं तर हेड ऑफिसला फोन करायचा; साहेब अंधेरीत बसून इंटरनेटच्या लाइनवरून आत शिरणार आणि तेवढं काम करून देणार, असं ठरलं. वरसाव्याची लाइन मनात येईल तेव्हा बंद पडायची, हे काही ठरावात नव्हतं.

एके दुपारी गोडाऊनचा चलान छापणारा प्रिंटर मेला. चलान नाही म्हणून माल भरलेले तीन ट्रक घोडबंदर रोडच्या कडेला उभे. मी नवा प्रिंटर मांडीवर घेऊन रिक्षाने पोचलो. जोडला, आणि सर्व्हरने पासवर्ड मागितला. साहेबांना फोन लावला तर ते मीटिंगमध्ये. बहुतेक सुरक्षेवरच्याच.

गोडाऊनच्या क्लार्क बाई रत्नागिरीकडच्या, कामाला चोख. त्यांनी माझ्याकडे दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "दादा, थांबलायत कशाला? कंपनीचं नाव इंग्रजीत, पुढे एक दोन तीन. टाका की."

"तुम्हाला कोणी सांगितला?"

"साहेबांनीच. मागे लाइन बंद होती ना, तेव्हा मोबाइलवर. आता सगळ्यांना ठाऊक आहे. वॉचमनकाकांना पण."

म्हणजे ज्याने तो सर्व्हर डोक्यावरून वाहून आणला, तो सोडून सगळ्यांना. माझं डोकं तापलं. पासवर्ड टाकला असता तर दोन मिनिटांत ट्रक सुटले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता. पण उद्या त्या मशीनवर काही इकडचं तिकडे झालं असतं, तर बोट दाखवायला बाहेरचा माणूस तयारच होता. मी हाताची घडी घालून बसलो. दीड तास. त्या वेळात एका ट्रक ड्रायव्हरने हिंदीत माझ्या अकलेचं जे वर्णन केलं, ते मी ऐकून घेतलं.

शेवटी साहेबांचा फोन आला. त्यांनी तिकडून प्रिंटर बसवून दिला. मी सरळ सांगितलं, की पासवर्ड अख्ख्या गोडाऊनला माहीत आहे, आजच्या आज बदला. मग त्यांनी एकच विचारलं.

"पण तो तुम्हाला कसा कळला?"

यावर मी जे बोललो, त्यातलं छापण्यासारखं काही नाही.

आठवड्याने पत्र आलं. यापुढे बाहेरच्या माणसाने सर्व्हरला हात लावताना कंपनीचा कर्मचारी शेजारी बसलेला हवा, आणि पासवर्ड लागलाच तर तो त्या कर्मचाऱ्यानेच टाकावा. बाईंना चलानांतून सवड नव्हती. त्यामुळे कंपनीची सुरक्षा वॉचमनकाकांकडे आली. काका गावातलेच, काठी दाराशी ठेवून स्टुलावर येऊन बसले. पुढच्या खेपेला मी काम सुरू केलं आणि पडद्यावर पासवर्डची चौकट उघडली.

"शेठ, तोंड तिकडं करा," काका म्हणाले. "ऑर्डर हाय."

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे काका चष्मा पुसून एका बोटाने एकेक कळ शोधत बसले. मला दुसरं काम नव्हतं, म्हणून टकटक मोजत राहिलो. कंपनीचं नाव इंग्रजीत आठ अक्षरांचं.

अकरा टकटक झाल्या, आणि मग एंटर.