चौदा महिने पोसलेल्या पेशी

अमेरिकेतल्या बफेलो शहरात, कर्करोगाच्या एका प्रयोगशाळेत लोरेटा विशनेव्स्की सव्वीस वर्षं पेशी वाढवत होती. शिक्षण बेताचं, पण दुसऱ्याच्या हातात मरणाऱ्या पेशी तिच्या हातात तग धरायच्या. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींना तिने चौदा महिने एक औषध चढत्या डोसाने पाजलं. बहुतेक मेल्या, उरल्या त्यांना औषधाचं काहीच वाटेनासं झालं. नव्या औषधांची परीक्षा व्हायची ती अशाच निबर पेशींवर. नाताळातसुद्धा, गुडघाभर बर्फ तुडवत, लोरेटा त्यांचं बघायला आली होती.

मग मॉन्ट्रियलहून मारेन थिबो आली. एकतीस वर्षांची, डॉक्टरेट झालेली. लोरेटाच्या पेशींवर तिने एक नवं औषध घातलं आणि पेशी पटापट मेल्या. प्रमुख डॉ. हॅलोरन ज्याला त्याला विचारत सुटले, मारेनच्या पेशी बघितल्यात का? मारेनच्या. लोरेटाच्या अंगाची लाही झाली. शुक्रवारी सगळे तळलेले मासे खायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी मारेनला शेजारी बसवलं. लोरेटा डोकं दुखतंय म्हणून घरी आली.

"तुला त्यांनी कधी शेजारी बसवलं होतं?" नवरा जीन म्हणाला. "मग आजच का लागलं?"

ती आणखीच चिडली.

तेव्हापासून ती मारेनच्या चुका हुडकू लागली आणि मारेनच्या प्रयोगाच्या वहीत एक सापडली. पेशींना जुनं औषध देणं मारेनने दहा आठवडे बंद ठेवलं होतं. ते तुटलं की या पेशी हळूहळू पुन्हा मऊ पडतात, हे लोरेटाला पाठ होतं. तिने मारेनच्या फ्लास्कमधल्या थोड्या पेशी गुपचूप घेतल्या, त्यांच्यावर जुनंच औषध घातलं. तीन दिवसांत त्या मेल्या. म्हणजे जुन्यानेही मरणाऱ्या पेशी मारून नव्या औषधाने काहीच सिद्ध केलं नव्हतं. लोरेटाला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. मारेनला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. ती नऊ दिवस गप्प राहिली. तिला ते चारचौघांत सांगायचं होतं.

सोमवारच्या बैठकीत मारेन आलेख दाखवत होती.

"या पेशी निबर राहिलेल्याच नाहीत," लोरेटा म्हणाली आणि तिने आपला कागद पुढे सरकवला.

मारेनचे कान लाल झाले. "कधी केलंत हे?"

"नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस," मारेन एवढंच म्हणाली. डॉक्टर लोरेटाकडे बघत राहिले, पण त्या नजरेत शाबासकी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मारेन लोरेटाच्या टेबलाशी आली. "तुम्ही गोठवून ठेवलेल्या मूळच्या निबर पेशी द्या. आणि त्या कशा सांभाळायच्या ते शिकवा. मला येत नाही."

नाही म्हणायचं लोरेटाच्या ओठांवर आलं होतं. पण आपल्या पेशींची पुन्हा आबाळ व्हावी, हेही तिला सोसवेना. तिने सहा आठवडे शिकवलं, तोंड वाकडं करून का होईना.

नव्याने वाढवलेल्या पेशी जुन्या औषधात मजेत जगल्या. नव्या औषधाचा डोस दुप्पट लागला, पण त्याने त्या मेल्या. तीनदा करून पाहिलं, तीनदा मेल्या. आता शंकेला जागा उरली नाही. मारेनचा शोध लोरेटानेच आपल्या हाताने पक्का करून दिला होता.

शोधनिबंधात लोरेटाचं नाव दुसरं आलं. ते मारेननेच घातलं होतं. लोरेटाने आपलं नाव वाचलं, मग त्याच्या आधीचं.

"पोरगी हुशार आहे," त्या संध्याकाळी ती जीनला म्हणाली. "तेच तर सहन होत नाही."