न चाखलेला रस्सा

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिला सगळे काकू म्हणत. वयाने तिच्याहून मोठे असलेले फिटरही म्हणत. एकोणीस वर्षं ती तिथली मुख्य स्वयंपाकी होती. बुधवारी आणि शनिवारी मटणाचा रस्सा असे, आणि त्या दोन दिवशी घरून डबा आणणारी माणसंही डबा कपाटात ठेवून रांगेत उभी राहत. रस्सा चांगला आहे असं कुणी म्हणत नसे. टोप रिकामा परत येई, एवढंच.

काकू स्वतः मांस खात नसे. हे तिने कॅन्टीनमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी डाळभाताची थाळी घेऊन ती मागच्या दाराशी बसे. स्वयंपाक्याला आपल्याच हातचं नकोसं होतं, असं म्हणून लोक तो विषय सोडून देत.

सोडण्यामागे सांगण्यासारखी हकीकत नव्हती. मुलगी पोटात असताना वास नकोसा झाला. बाळंतपणानंतर पुन्हा खावंसं वाटेल असं सगळ्याजणी म्हणाल्या; तसं झालं नाही. एकदा सासूने आग्रहाने वाढलेला तुकडा तिने तोंडात घेतला आणि हा कुणाचा तरी आहे, असं तिला वाटलं. कुणाचा, ते सांगता आलं नाही. तिने तो हळूच रुमालात काढून ठेवला. सासूने ते पाहिलं, पण ती चिडली नाही. "नको खाऊस," ती म्हणाली, "पण करता आलं पाहिजे. तुझ्या घशापायी बाकीच्यांनी उपाशी मरायचं का?" आणि सासूनेच तिला न चाखता रांधायला शिकवलं. किती माणसांना मसाल्याच्या किती मुठी, मांसावर पाणी किती बोटं. शिजत आलं की रस्स्याचा आवाज बदलतो, आधी जाड बुडबुडे फुटतात, मग बारीक. मीठ त्या वेळी घालायचं आणि वरून येणाऱ्या वाफेवर नाक धरायचं. मिठाला वास नसतो असं लोक म्हणतात. सासूला तो येत असे, आणि पुढे काकूलाही येऊ लागला.

मुलगी आता तेवीस वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची. वर्षभरापूर्वी तिने एकाच आठवड्यात मांस, अंडी, दूध आणि मध सोडला, आणि चामड्याची पर्स मैत्रिणीला देऊन टाकली. तेव्हापासून घरात चहाची दोन पातेली झाली. पहिल्या दिवशी काकू म्हणाली होती, "गाईचं दूध गाईला परत करून आलीस का?" मुलगी म्हणाली होती, "वासराला." काकूने दुसरं पातेलं घासून दिलं.

एका सोमवारी कॅन्टीनच्या भिंतीवर कागद लागला. त्याच कंत्राटदाराच्या दुसऱ्या एका कॅन्टीनमध्ये माणसांना जेवण बाधलं होतं, म्हणून नवा नियम आला होता. प्रत्येक पदार्थ वाढायला जाण्यापूर्वी मुख्य स्वयंपाक्याने चमचाभर चाखायचा, रजिस्टरमध्ये वेळ लिहायची आणि सही करायची.

मॅनेजर तरुण होता आणि रीतसर बोलायचा. "काकू, माझा तुमच्या हातावर पूर्ण विश्वास आहे," तो म्हणाला. "पण वरच्या ऑफिसला विश्वास दाखवता येत नाही. सही दाखवता येते."

"सही करीन की."

"चाखून. मला समोर उभं राहायला सांगितलंय."

संध्याकाळी काकू आणि मुलगी स्वयंपाकघरात शेंगा मोडत बसल्या होत्या. काकूने कागदाबद्दल सांगितलं.

"मग सोड ती नोकरी," मुलगी म्हणाली.

"सोडली तर बुधवारी टोप चढायचा थांबेल?"

"तू चढवणार नाहीस, एवढं तरी होईल."

"म्हणजे माझे हात धुतले गेले. बोकडाला काय फरक?"

"तेच तर मी तुला विचारतेय वर्षभर. तू खात नाहीस त्याने बोकडाला काय फरक पडला? चारशे ताटं तर तूच भरतेस."

"तुझं कॉलेज त्याच टोपातून निघालं, बाईसाहेब."

"मला माहीत आहे," मुलगी म्हणाली. "मी ते विसरले असं कधी म्हटलं?"

काकूने एका शेंगेची शीर टोकापासून टोकापर्यंत ओढली. "बोकडासाठी सोडलं असं मी कधी म्हणाले नाही. तुझ्याकडे कारणं आहेत. माझ्याकडे नुसता घसा आहे."

"मग एक चमचा ढकल त्या घशातून आणि कर सही."

"नाही जात."

"का नाही जात?"

काकूने पुढची शेंग उचलली.

"त्यालाच कारण म्हणतात, आई. तू त्याला नाव देत नाहीस, एवढंच."

"फार शहाणी झालीस. त्या किडक्या शेंगा बाजूला काढ आधी."

बुधवारी बाराला मॅनेजर रजिस्टर घेऊन शेगडीपाशी आला. भोंगा साडेबाराला व्हायचा. भाजी आणि डाळ काकूने चाखली, सह्या केल्या. मग तिने रस्स्यात चमचा बुडवला आणि वर काढला. चमच्यातून वाफ येत होती. पाव कापणाऱ्याच्या सुरीचा आवाज चालू होता. काकूने चमचा हनुवटीपर्यंत आणला आणि तिथेच धरला.

"गरम आहे का?" मॅनेजरने विचारलं.

"मी खात नाही, साहेब."

"आज पोट बरं नाही?"

"कधीच खात नाही. मुलगी पोटात होती तेव्हापासून."

सुरी थांबली. मॅनेजरने रजिस्टर मिटलं आणि पुन्हा उघडलं. "मग इतकी वर्षं चव कोण बघतं?"

"बघावी लागत नाही," काकू म्हणाली. त्यात फुशारकी नव्हती. आपलं वय सांगावं तसं तिने ते सांगितलं.

मोरीपाशी नळ बंद झाला. भांडी घासणाऱ्या मावशी, काकूपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या, तिकडूनच म्हणाल्या, "मी बघते."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मावशींना इतक्या जणांनी एका वेळी पाहण्याची सवय नव्हती. त्यांनी ओले हात रबरी एप्रनला पुसले. हात ओलेच राहिले.

"बुधवार-शनिवारी रस्सा चाखायचा चमचा कोरडा यायचा हो," त्या म्हणाल्या. "डाळ-भाजीच्या चमच्यांना मात्र सगळं चिकटलेलं असायचं. भांडी घासणाऱ्याला कोण काय खातं ते सांगावं लागत नाही."

"कधीपासून?" हे काकूने विचारलं.

"तुमची पोर तापाने फणफणली होती बघा. तुम्ही दोनदा फोनवर गेलात. त्या दिवशी मीठच पडलं नव्हतं. नुसतं गरम पाणी. मी घातलं. मग म्हटलं, आता दर वेळी बघत जावं."

"तेरा वर्षं झाली त्याला."

"झाली असतील."

"आणि दर वेळी घालावं लागायचं?"

"छे हो! दहातून सात वेळा तर बघायलाच नको."

"आणि तीनदा?"

"तीनदा चिमूटभर. तुमचा हात आखडता आहे, काकू. जास्त पडलं असतं तर मी काय करणार होते?"

"बटाटा टाकायचा," पाव कापणारा म्हणाला.

"एकदा टाकला होता," मावशी म्हणाल्या.

पाव कापणारा हसला, आणि काकूचा चेहरा पाहून पुन्हा पावाकडे वळला.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मावशींनी काकूच्या हातातला चमचा घेतला, रस्सा तोंडात घेतला, जीभ फिरवली. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मॅनेजरने वेळ लिहिली. सहीची जागा मोकळी ठेवली. "शनिवारपर्यंत काय ते ठरवा, काकू. चाखणारी व्यक्तीच मुख्य, असं त्या कागदात लिहिलंय. मी बदलू शकत नाही. आणि खोटी सही मी घेणार नाही."

दुपारी टोप रिकामा परत आला. काकू मागच्या दाराशी थाळी घेऊन बसली, पण तिने भात चिवडला फक्त. मावशी आपली वाटी घेऊन शेजारी टेकल्या.

"सांगायचं होतंत मला," काकू म्हणाली.

"काय सांगायचं? तुमचं एवढं नाव. आणि मला आयती वाटी मिळत होती." मावशींनी पावाने वाटी पुसून घेतली. "तुमचं तोंड राखायचं तर कुणाचं तरी लावायला लागणारच ना. मला काय, मला आवडतं."

त्या हे सहज बोलल्या आणि उठून कामाला लागल्या. काकूने थाळी तशीच मोरीवर नेऊन ठेवली.

घरी तिने मुलीला सगळं सांगितलं. मुलगी उभीच राहिली. "तू सगळ्यांसमोर म्हणालीस? मी खात नाही म्हणून?"

"म्हणाले."

मुलीने पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. काकूचं तिकडे लक्ष नव्हतं. "तीनदा, म्हणाली ती," काकू म्हणाली.

शुक्रवारी तिने घरी भाज्यांचा रस्सा केला. त्यात न चाखण्यासारखं काही नव्हतं, तरी तिने तो चाखला नाही. मुठी मोजल्या, बुडबुडे ऐकले, वाफ घेतली, मीठ घातलं. मुलीपुढे वाटी ठेवली आणि समोर बसली.

"कसं आहे?"

"छान."

"मीठ?"

मुलीने तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं की नाही हे तिच्या चेहऱ्यावर थोडा वेळ दिसत होतं. "कमी आहे," ती म्हणाली. "थोडंसं."

काकूने मान हलवली. मिठाची बरणी उचलून तिच्यापुढे सरकवली.

"मग आता काय करणार?"

"जे मी तोंडात घालत नाही त्याला माझं नाव नको."

"हेच तर मी वर्षभर सांगतेय!"

"नाही. तू वेगळं सांगतेस. तू म्हणतेस, कुणीच तोंडात घालू नका. तेवढं म्हणायची माझी ताकद नाही. मी म्हणते, जो घालतो त्याचं नाव लागू दे."

"ते अर्धंच झालं, आई."

"असेल अर्धं," काकू म्हणाली. "जेव, गार होतंय."

शनिवारी मॅनेजरने अनेक वाटा काढून पाहिल्या. दोन दिवसांपुरती मुख्य असं काही कागदात बसत नव्हतं. काकूने भाजी आणि डाळ पाहावी, रस्सा बंद करावा, असं त्याने म्हटल्यावर पाव कापणाऱ्याने आधी बाहेरची रांग बघून यायला सांगितलं. शेवटी काकूच म्हणाली, "मुख्य मावशींना करा. मी त्यांच्या हाताखाली."

"मला नको बाई," मावशी म्हणाल्या. "मला भांडीच बरी. भांडी उलट बोलत नाहीत."

"तेरा वर्षं करताच आहात. आता उगाच आढेवेढे घेऊ नका."

"मला मुठी मोजता येत नाहीत."

"त्या मी मोजीन."

"आणि भांडी?"

काकूने खुंटीवरचा रबरी एप्रन काढून गळ्यात घातला. तो तिला मोठा होत होता. नाडीचा एक वेढा जास्त घ्यावा लागला.

मावशींची सही व्हायला वेळ लागला. त्यांनी एकेक अक्षर काढलं, शेवटचं अक्षर रकान्याच्या बाहेर गेलं, तेव्हा त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. "चालेल," तो म्हणाला. मुख्य स्वयंपाकी या शब्दांपुढचं काकूचं नाव त्याने पट्टी लावून एका रेघेत खोडलं.

काकू मोरीपाशी उभी होती. सकाळच्या पराती घासून झाल्या होत्या आणि मांस धुतलेलं मोठं पातेलं तिच्यापुढे होतं. त्याच्या कडेला लागलेलं रक्त सुकलं होतं. ते काढायला थंड पाणी लागतं, हे मावशींनी तिला नुकतंच सांगितलं होतं. इतक्या वर्षांत हे पातेलं तिने घाण सोडलं होतं आणि स्वच्छ उचललं होतं. मधलं तिने पाहिलं नव्हतं. ती घासू लागली.

"काकू," शेगडीजवळून मावशींनी हाक मारली, "अजून चिमूटभर घालू का हो?"

"मला काय विचारता?" काकू पातेल्यातून मान न काढता म्हणाली. "चमचा कुणाच्या तोंडात आहे?"

मावशींनी पुन्हा एकदा चाखलं, थोडा विचार केला, आणि चिमूटभर घातलं. मग भोंगा झाला.