वडाला हात कुणाचा

"हे घाल आधी," चेअरमन बोलला आणि त्याने माझ्या पायाशी पिवळे रबरी हातमोजे टाकले.

संडास धुवायचे मोजे. अजून ओले.

गेल्या वर्षीच्या वटपौर्णिमेची सकाळ. करंजाड्यातल्या एका सोसायटीत मी माळीकाम करायचो. झाडाचं आळं साफ करायला वाकलो होतो. मागे बायका ताटं घेऊन उभ्या.

"कशाला, साहेब?"

"पूजेचं झाड आहे, मामा. तुम्ही कातकरी लोक उंदीर-घुशी खाता. कशाकशाला हात लावता. लेडीजना नाही आवडत."

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मी मोजे घातले. हो, घातले. त्याची लाज वाटते, म्हणून तेच पहिलं सांगितलं.

आणि ते झाड वड नव्हतंच. पान पॉलिश मारल्यागत चकचकीत, शेंड्याला लाल टोक. रबराचं झाड. नर्सरीतून आणलेलं, बुंध्याला पाटी 'वटवृक्ष'. लावलं त्याच दिवशी मी बोललो होतो, "साहेब, हा वड नाय. माझ्या दारात तेलाच्या डब्यात खरा वड हाय. फुकट देतो."

"शाळा किती शिकलास?"

"दुसरी."

"मग पाटी वाचता येते ना? झालं तर."

साठ वर्षं कर्नाळ्याच्या बाजूचं रान तुडवलंय मी. डोळे मिटून पान चुरगाळलं तरी झाड सांगेन. गणपतीची पत्री, महादेवाचा बेल, दसऱ्याचा आपटा, होमाच्या समिधा. पनवेलच्या बाजारात सगळं आमच्या डोक्यावरून गेलं. देवाला हे हात चालले. चेअरमनला नाही.

मोजे घालून कोपऱ्यात उभा राहिलो. भटजी कथा सांगत होते. सत्यवान, राज्य गेलेला राजपुत्र. रानात राहायचा. कुऱ्हाड घेऊन लाकडं तोडायला गेला, डोकं दुखायला लागलं, वडाखाली निजला. बायका सूत गुंडाळताना जन्मभर बघितल्या, पण ही कथा कधी कानावर आली नव्हती. आम्हाला जवळ उभं कोण करतंय?

लाकूडतोड्या! माझा बाप लाकडं तोडता तोडताच रानात मेला. ज्याच्या नावाने या उपाशी, तो आमचंच काम करणारा. आणि त्याच्या झाडाला हात लावायचा तर मी मोजे घालायचे.

डोकं तापलं. मोजे काढले. फेकले नाहीत. घडी करून खिशात घातले.

"उद्यापासून येत नाय," एवढंच बोललो. बायका रबराला फेऱ्या घालत होत्या.  घाला, मनात म्हटलं. सात जन्म घाला.

यंदा चेअरमनची म्हातारी आई उरणहून आली. पूजेला दोन दिवस होते. वॉचमनने मला सांगितलं, म्हातारी झाडापुढे उभी राहून सगळ्यांच्या देखत ओरडली, "आगं बायांनो, यो वड नाय, रबर हाय! कोनाला फेऱ्या घालता तुमी?"

दुसऱ्या दिवशी चेअरमनची गाडी आमच्या वाडीत.

"मामा, तो डबा द्या हो. लेडीजनी डोकं खाल्लंय माझं."

वर्षभरात मी 'तुम्ही' झालो होतो.

आत गेलो. मोजे आणले. त्याच्या पायाशी टाकले.

"घाला आधी, साहेब."

"हे काय?"

"झाड माझं हाय. तुमी कशाकशाला हात लावता, मला काय माहीत?"

वाडीतल्या बाया जमल्या. माझी सून तोंडाला पदर लावून हसली. चेअरमनने मान खाली घालून मोजे घातले. दोन्ही. डबा उचलला. गाडीपर्यंत मी नेऊ दिला त्याला. मग बोललो,

"ठेवा खाली. देत नाय."

दया आली नाही. अजून येत नाही.

त्याच संध्याकाळी डबा कापला आणि वड वाडीच्या तोंडाशी लावला, रस्त्यावरून दिसेल असा. माती उघड्या हातांनी दाबली. कुणाला सूत गुंडाळायचं असेल तर या. आधी माझ्या माठातलं पाणी, माझ्या हातून. मग झाडाला हात. पाणी चालत नसेल तर तुमचा रबर आहेच तिकडे. मी मेल्यावर हीच अट सून चालवेल, तसं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

मोजे जाळले नाहीत. दाराच्या खिळ्याला टांगलेत. पुढचा चेअरमन येईल.