वन्संचं नाक आणि ह्यांची गाडी

ये गं, अशी जवळ बस. दारात उभी राहून हसू नकोस. गाडी घेतलीस, पेढे वाटलेस, सगळं झालं, पण घेतल्यापासून एकदा तरी बॉनेट उघडून आत डोकावलीस का? नाही ना? गॅरेजवाला बघतो म्हणे! तुला आमच्या वन्संच्या ताब्यात द्यायला हवं होतं. साऱ्या सोलापुरात कुठेही पेट्रोलचा थेंब सांडू दे, तो जमिनीला टेकायच्या आत आमच्या वन्संच्या नाकाला कळायचा. वाढवून सांगते म्हणतेस? बरं, टेकल्यावर कळायचा. पण सांडणाऱ्याच्या आधी.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत माहेरी परत आलेली, उंच, हाडापेरानं दणकट, आवाज असा की गल्लीच्या टोकाची कुत्री उठून बसावीत. माझे सासरे कापडगिरणीत आगीच्या बंबावर होते. दुसऱ्या घरात लेकीला पुरणपोळी शिकवतात, ह्या घरात सूत कसं पेटतं ते शिकवलं. रोज चूल विझल्यावर वन्सं राखेत बोटं घालून बघायच्या, मगच अंथरुणाला पाठ टेकायच्या. उदबत्तीसुद्धा त्यांच्या पहाऱ्यात जळायची. पाहुणा बिडी ओढून गेला की त्याचं थोटूक पाण्यात बुडवून वर त्याला शिव्या.

आणि असल्या बहिणीच्या भावाला नाद कसला, तर गाडी पळवायचा! पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. ह्यांनी भंगारातून एक जुनी विलायती गाडी आणली. इंजिनचं हेड घासून घेतलं, एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवले, सायलेन्सर काढून सरळ नळी लावली. दर रविवारी सकाळी विजापूर रस्त्याला मित्रांबरोबर शर्यत. पळायची, नाही म्हणत नाही. पण ती गाडी कसली, चाकं लावलेली शेगडी! वर त्या दोन कार्बोरेटरांतून पेट्रोल पाझरायचं आणि त्यांच्याच पोटाखाली ती नळी तापून लाल व्हायची. त्यात आमच्या गल्लीत घराघरात माग. कापसाची बारीक लव दिवसभर उडायची आणि तेलकट इंजिनावर जाऊन बसायची. वन्सं म्हणायच्या, "तेलात भिजल्याली वातच की ही. काडी लावायचीच काय ती राहिलीया."

म्हणून रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की वन्सं ब्रश घेऊन इंजिनाची लव झाडायच्या. गिरणीतल्या बॉयलरच्या नळीला गुंडाळतात तसली न पेटणारी दोरी त्यांनी कुठून तरी पैदा केली आणि त्या तापणाऱ्या नळीला गुंडाळली. पेट्रोलची रबरी नळी तिच्यापासून लांब ओढून पत्र्याच्या क्लिपेत आवळली. सायकलची ट्यूब कापून बॅटरीला टोप्या घातल्या. आणि डिकीत एक चादर, ओली करून, घट्ट पिळून. भडका उडालाच तर वर टाकायला. ती चादर कुणाची? माझी! माझ्या आईनं रुखवतात दिलेली!

मी म्हटलं, "वन्सं, घरात दुसरी चादर नव्हती?"

"जाड हीच हाय. का गं वैनी, भावापेक्षा चादर मोठी हाय व्हय?"

गेली माझी चादर डिकीत.

रविवारी निघताना हे हाक मारायचे, "आक्का, बघ गं!" की वन्सं बॉनेटमध्ये. मग दोघांची डोकी आत, दोघांच्या गप्पा आत, दोघांचं हसू आत. मी उंबऱ्यावर चहा घेऊन. मला हाक यायची ती, "अगं, डबा झाला का?" शेजारच्या माग चालवणाऱ्या तेलुगू काकू तर तोंडावर म्हणायच्या, "तुला सवत कशाला पायजे? नणंद हाय की!" जळायचे मी, सरळ सांगते. त्या दोरीनं गाडीची नळी निवाली असेल, मी नाही निवाले.

खंडेनवमीला तर कहर झाला. गाडीची पूजा. हे नुकतेच फेरी मारून आलेले. मी म्हटलं, पळतं ते इंजिन, मग ओवाळायचं तर इंजिनालाच. बॉनेट उघडलं, झेंडू वाहिला, निरांजन लावलं, तबक उचललं, तेवढ्यात वन्सं मागून आल्या आणि फू! तोंडानं फुंकर मारून निरांजन विझवलं! सणाच्या दिवशी, शेजारच्या बायकांसमोर!

"वैनी, आधी वास घे, मग आरती म्हण."

घेतला वास. होता पेट्रोलचा. नळीचा जोड ओला होता. म्हणून काय फुंकर मारायची? तबक हातातून काढून घेता येत नव्हतं? आणि हे काय म्हणाले? "आक्का, तू होतीस म्हणून वाचलो." मी विझलेलं निरांजन घेऊन तिथंच उभी.

दुसऱ्या दिवशी मी वन्संसमोर जाऊन बसले. म्हटलं, "मला शिकवा."

"काय गं?"

"वास घ्यायला. देवानं नाक काय तुम्हाला एकट्यांनाच दिलंय?"

लई हसल्या. पण शिकवलं. "गार गाडी गप बसती. गरम झाल्यावर हुंगायची. पेट्रोल नाकात चढतं, रबर कडू लागतं, अन् वायर तापली की कुजक्या मासळीवाणी." महिनाभर इंजिनाच्या वाफेत माझं कुंकू विरघळलं.

मग एका रविवारी हाक आली, "आक्का, बघ गं!" वन्सं ओट्यावर शेंगा फोडत होत्या. जागच्या हलल्या नाहीत.

"सर्दी झालीया मला. नाक चोंदलंय. वैनीला बघू दे."

"तिला काय कळतंय?" हे म्हणाले, मित्रांसमोर.

मी पदर खोचला. "चालू करा. तापू द्या." वाकले. पेट्रोल नाही. वायर नाही. आणि मग आलं ते, कडू. "बंद करा! आधी बंद करा!" एवढ्या मोठ्यानं मी ह्यांच्यावर कधी ओरडले नव्हते. क्लिप निसटून रबरी नळी दोरीवरून घसरली होती आणि पुढच्या उघड्या लोखंडाला टेकून मऊ पडली होती. ह्यांनी बोट लावलं तर बोटाला रबर आलं. चेहरा उतरला. त्या दिवशी शर्यतीला गेले नाहीत. पुढच्या रविवारपासून हाक बदलली: "अगं ए, बघ गं!"

मी अशी फुगले होते त्या दुपारी! ताटं मांडत होते, तर बाहेर ओट्यावरून आवाज आला, "वैनी, आमटी खाली लागली बघ."

चोंदलेलं नाक! मला चुलीशी बसून कळलं नव्हतं. म्हणजे ती कडू नळी त्यांना केव्हाच कळली होती. कळून शेंगा फोडत बसल्या, माझ्यावर नजर ठेवून. आता तूच सांग, मी जिंकले कुठं? जागा मिळाली तीही त्यांनी दिली म्हणून. मोठेपणासुद्धा मला मिळू दिला नाही, तोही त्यांनीच घेतला.

पुढं वन्सं ह्यांच्या एका पुतण्याचा संसार सांभाळायला दुधनी गावाला गेल्या. ह्यांनी गाडी विकली, आणि आता हेही नाहीत. ह्यांचं हसू कसं होतं ते माझ्याइतकं ठाऊक असलेलं माणूस आता एकच उरलंय, आणि ते तिकडं जाऊन बसलंय. एसटीचे धक्के सोसत नाहीत मला. आज जा तू, पण लवकर ये, गाडी घेऊनच ये. मला दुधनीला ने.